स्किन आणि प्लास्टिक सर्जरीच्या दवाखान्यातले शब्द : सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्किनच्या दवाखान्यात पेशंट डॉक्टरांसमोर मान डोलावतो आणि बाहेर काउंटरवर येऊन विचारतो, "म्याडम, काय म्हणाले हो डॉक्टर?" मी तिथे समुपदेशनाचं काम करते, डॉक्टर नाही. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्यापासून पार इंडी-विजयपूरपर्यंतची माणसं येतात. कुणी मराठीत विचारतं, कुणी कन्नडमध्ये, पूर्व भागातल्या बायका तेलुगूत. अडतात ते शब्द मात्र सगळ्यांचे तेच. दवाखान्यातली भांडणं वरवर पैशावरून झालेली दिसतात, पण खोदून पाहिलं तर पेशंटने एका अर्थाने हो म्हटलेलं असतं आणि दवाखान्याने दुसऱ्या अर्थाने ते ऐकलेलं असतं. म्हणून हे पान. यावरून स्वतःची औषधं ठरवू नका. डॉक्टरांना काय विचारायचं, ते ठरवा.

प्लास्टिक सर्जरी आणि कॉस्मेटिक सर्जरी एकच का?

प्लास्टिक सर्जरी ही मोठी शाखा आहे आणि कॉस्मेटिक हा तिचा एक भाग. भाजून आखडलेली मान मोकळी करणं, बाळाचा दुभंगलेला ओठ शिवणं, अपघातात गेलेली त्वचा भरून काढणं, कॅन्सरच्या ऑपरेशननंतर स्तन पुन्हा तयार करणं, याला रिकन्स्ट्रक्टिव्ह म्हणजे पुनर्रचनेची सर्जरी म्हणतात. अवयव धड आहे, काम नीट करतोय, फक्त दिसण्यात बदल हवाय, तर ती कॉस्मेटिक किंवा एस्थेटिक. दोन्हींत शरीरात प्लास्टिक घालत नाहीत, हेही सांगून टाकते. आठवड्यातून एकदा तरी कुणी विचारतंच.

हा फरक बिलावर उमटतो. दवाखान्याच्या उपचारांवर एरवी जीएसटी नसतो, पण केस लावणं आणि कॉस्मेटिक सर्जरी यांना ती सूट नाही. त्यावर १८ टक्के लागतो. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा इजा यामुळे बिघडलेला अवयव पूर्ववत करायचा असेल, तर सूट मिळते. मेडिक्लेमचं धोरणही साधारण असंच चालतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्या रुग्णांचे उपचार आणि पुनर्रचनेच्या काही सर्जरी येतात, रूपासाठी केलेल्या येत नाहीत. दुभंगलेल्या ओठ-टाळूची मुलं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून ऑपरेशनपर्यंत जाऊ शकतात. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणाऱ्या पथकाला दाखवा. चिठ्ठीवर निदान काय लिहिलंय, ते म्हणूनच वाचून घ्यायचं. "नाकाची सर्जरी" आणि "अपघातानंतर वाकडं जुळलेलं नाक" यांत हजारोंचा फरक पडू शकतो.

डर्मेटॉलॉजिस्ट, प्लास्टिक सर्जन, कॉस्मेटॉलॉजिस्ट : पाटीवर कुठला शब्द बघायचा?

डर्मेटॉलॉजिस्ट म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ. एमबीबीएसनंतर त्वचा, गुप्तरोग आणि कुष्ठरोग या विषयात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेला. प्लास्टिक सर्जन आधी जनरल सर्जरी करतो आणि त्यापुढे प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी. कॉस्मेटॉलॉजिस्ट हा शब्द मात्र कुणीही पाटीवर रंगवून घेतं. काही आठवड्यांचा कोर्स केलेलाही लिहितो आणि उत्तम तज्ज्ञही लिहितो. शब्दावर जाऊ नका, त्याखालची मूळ पदवी वाचा. एमडी असेल, तर कशातली, तेही पाहा. आयुर्वेदातही एमडी असते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक लेटरहेडवर असतो. नसेल तर मागा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

"रिमूव्हल" म्हणाले की "रिडक्शन"? फरक काय पडतो?

सगळ्यात जास्त वाद याच दोन शब्दांवरून होतात. लेझरने नको असलेले केस "काढतात" असं बाहेर सगळे बोलतात. संमतीपत्रावर लिहिलेलं असतं हेअर रिडक्शन, म्हणजे केस कमी करणं. लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगाने शोषला जातो, त्याची उष्णता मुळाशी जाते आणि ते मूळ निकामी होतं. पण एका वेळी सगळी मुळं वाढीच्या अवस्थेत नसतात. झोपलेली मुळं पुढे जागी होतात. म्हणून चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने साधारण सहा ते आठ सिटिंग लागतात आणि नंतरही वर्षातून एखादं करावं लागू शकतं. पांढरा केस आणि बारीक फिकट लव यांवर लेझर जवळजवळ चालत नाही, कारण शोषायला रंगच नाही. हनुवटीवर राठ केस येणाऱ्या मुलीची पाळी अनियमित असेल, तर पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी जोडलेला हार्मोनचा बिघाड, तपासल्याशिवाय पॅकेज घेण्यात अर्थ नाही. आतून हार्मोन ढकलत राहिले की नवे केस येतच राहतात.

असेच आणखी दोन शब्द आहेत, क्युअर आणि कंट्रोल. क्युअर म्हणजे आजार गेला, कंट्रोल म्हणजे दबला. वांग, सोरायसिस, टक्कल हे कंट्रोलचे आजार. मुरूम, गजकर्ण, खरूज बरे होतात. लग्न पंधरा दिवसांवर आलेली नवरी आणि तिची आई समोर बसते, "डाग जातील ना पूर्ण?" असं विचारते आणि कुणी गुळमुळीत "होईल की" म्हणतं. पुढच्या तक्रारीची सुरुवात तिथेच झालेली असते. किती सिटिंग, किती महिने, किती टक्के फरक आणि बंद केल्यावर परत येईल का, हे चार प्रश्न विचारा. उत्तरं कागदावर घ्या.

वांग, टॅनिंग, पिगमेंटेशन हे सगळं एकच ना?

पिगमेंटेशन म्हणजे रंगद्रव्य वाढून त्वचा काळवंडणं, हा सगळ्यांना कवेत घेणारा शब्द. त्यातलं टॅनिंग म्हणजे उन्हाने आलेला रापलेपणा. ऊन टाळलं की काही आठवड्यांत उतरतो. वांग म्हणजे मेलाझ्मा : गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले तपकिरी पट्टे. ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि घरातलीच परंपरा ही त्याची मोठी कारणं. पुरुषांनाही होतो. दुचाकीवर दिवसभर फिरून वसुली करणारे, गवंडी, शेतातली माणसं दाखवायला येतात तेव्हा डाग जुना झालेला असतो. तिसरा शब्द चिठ्ठीवर फार दिसतो, पीआयएच. मुरूम, जखम, भाजणं किंवा चुकीचं फेशियल यानंतर मागे राहिलेला काळा डाग तो हा. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत तो सहज होतो आणि महिनोन् महिने टिकतो. मुरूम नखाने फोडू नका म्हणून डॉक्टर ओरडतात, ते याच्यासाठी.

चिठ्ठीवर "टाइप ५" लिहिलंय. काही गंभीर आहे का?

नाही. ती फिट्झपॅट्रिक स्केल आहे. १९७५ मध्ये अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी ऊन लागल्यावर त्वचा भाजते की काळवंडते, यावरून ही प्रतवारी मांडली. आज ती १ ते ६ अशी वापरतात. आपल्याकडची बहुतेक त्वचा ४-५ मध्ये बसते. लेझरची ताकद आणि पीलचं, म्हणजे त्वचेचा वरचा थर सोलणाऱ्या अॅसिडचं, प्रमाण ठरवायला हा आकडा लागतो. जास्त ताकद लावली तर डाग काढायला गेलेला माणूस नवा डाग घेऊन घरी जातो.

एक क्रीम लावलं की चेहरा उजळतो, बंद केलं की लालभडक होतो. हे काय?

त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं, तर त्यात स्टेरॉइड आहे. डॉक्टर काही आजारांत थोड्या दिवसांसाठी ते देतात आणि तेव्हा ते कामाचंच असतं. पण शेजारणीच्या सांगण्यावरून, मेडिकलमधून परस्पर आणून, पावडरीखाली रोज लावलं की सुरुवातीला त्वचा उजळ, तुकतुकीत दिसते आणि मग पातळ होते. शिरा दिसू लागतात, मुरूम येतात, गालांवर लव वाढते. उन्हात आणि चुलीपुढे चेहऱ्याची आग होते. बंद करायला गेलं की आग दुप्पट, म्हणून पुन्हा तेच क्रीम. याला भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनीच नाव दिलंय : टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस, चिठ्ठीवर टीएसडीएफ. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, हे पेशंट रडकुंडीला येतात. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर तरी तसं आहे.

गजकर्णातही हाच खेळ. मांडीच्या सांध्यात खाज सुटते. दुकानदार स्टेरॉइड, अँटिफंगल आणि अँटिबायोटिक एकत्र असलेलं क्रीम देतो. दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि महिन्याने चट्टा कमरेपर्यंत गेलेला असतो. गजकर्णाची गोल कडाच पुसली गेल्यामुळे तो ओळखू येत नाही. डॉक्टर त्याला टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात. घरातल्या सगळ्यांनी उपचार घेतले नाहीत आणि टॉवेल एकच राहिला, तर तो परत फिरून येतो.

लेबल नसलेल्या, डबीतून मिळणाऱ्या "गोरं करणाऱ्या" क्रीमचं वेगळंच. त्यांत पारा सापडलाय. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची बातमी आली होती, क्रीममधल्या पाऱ्याने किडनीला इजा झाल्याची. घटक लिहिलेले नसतील तर ती डबी घरात नको.

आणि गोरेपणाची ड्रिप?

ग्लुटाथायोनचं इंजेक्शन. गोरेपणासाठी शिरेतून द्यायच्या कुठल्याही इंजेक्शनाला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, मान्यता दिलेली नाही. माझ्या वहिनीने विचारलं असतं, तरी मी नको म्हटलं असतं.

मान काळी पडलीय, घासून निघत नाही.

घासणं आधी थांबवा. मान, काख आणि मांडीचे सांधे काळे, जाडसर, मखमलीसारखे झाले असतील तर ते अॅकँथोसिस निग्रिकन्स. मळ नव्हे. बहुतेकदा शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतोय, याची ती खूण असते. डॉक्टर क्रीमबरोबर साखरेची तपासणी लिहून देतात, तेव्हा "आम्ही स्किनसाठी आलो, रक्त कशाला?" म्हणून पेशंट चिडतात. लहान मुलाची मान अशी झाली असेल तर मुळीच टाळू नका. वजन उतरलं की काळेपणाही उतरतो.

केमिकल पील म्हणजे अॅसिडने चेहरा जाळणं?

अॅसिड असतं, पण मोजून-मापून. ग्लायकोलिक, सॅलिसिलिक, लॅक्टिक, मँडेलिक ही नावं ऐकाल. वरचा मृत थर सोलून निघतो. किती खोल जायचं त्यावरून सुपरफिशियल, मीडियम आणि डीप असे प्रकार. आपल्या त्वचेवर बहुधा पहिलाच वापरतात. डीप पीलने काळे-पांढरे डाग पडण्याचा धोका जास्त. पीलनंतर तीन-चार दिवस सालं निघतील, ती ओढायची नाहीत. गड्ड्याच्या यात्रेत दिवसभर फिरायचं असेल, तर पील त्या आठवड्यात नकोच.

लेझरमध्ये एनडी-याग, डायोड, सीओटू... कुठलं कशासाठी?

लेझर म्हणजे एकाच तरंगलांबीचा प्रकाश आणि प्रत्येक लांबी वेगळ्या गोष्टीवर काम करते. डायोड साधारण ८१० नॅनोमीटरचा, केसांसाठी. एनडी-याग १०६४ नॅनोमीटरचा. खोल जातो, सावळ्या त्वचेला तुलनेने सुरक्षित. त्याचाच क्यू-स्विच्ड, म्हणजे अगदी क्षणभराचे प्रखर झटके देणारा, प्रकार शाई आणि खोल डागांसाठी. कार्बन डायऑक्साइड लेझर त्वचेतल्या पाण्यावर काम करतो, म्हणून तो कापतो, जाळतो. चामखीळ काढायला आणि "फ्रॅक्शनल" प्रकारात मुरमांचे खड्डे भरायला. आयपीएल हा लेझर नव्हेच, गाळून घेतलेला प्रखर प्रकाश आहे. दर विचारताना मशीन कुठलं, ते आधी विचारा. "लेझर फेशियल" म्हणून पार्लरमध्ये कुठलं काय चालतं, ते त्यांनाच ठाऊक.

गोंदण काढायला येणाऱ्या बऱ्याच. आजीने हौसेने कपाळावर गोंदून दिलेलं असतं, आता नोकरीच्या ठिकाणी नको वाटतं. जुन्या गोंदणात काजळीचा काळा रंग असतो आणि काळा रंग क्यू-स्विच्ड लेझरला चांगली दाद देतो. दुकानातल्या रंगीत टॅटूतला हिरवा-निळा-पिवळा चिवट. शॉट बसला की त्या जागी क्षणभर पांढरा फेस आल्यासारखं दिसतं, चटका लागतो, मग खपली. दीड-दोन महिन्यांच्या अंतराने बऱ्याच वेळा यावं लागतं आणि फिकट सावली उरू शकते.

बोटॉक्स आणि फिलर यांत फरक काय?

बोटॉक्स हे खरं तर एका कंपनीच्या ब्रँडचं नाव. औषध बॉटुलिनम टॉक्सिन. ते स्नायूपर्यंत येणारा संदेश अडवतं, स्नायू सैल पडतो आणि कपाळाला आठ्या घातल्यावर पडणाऱ्या रेषा मंदावतात. तीन-चार दिवसांत फरक दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण, आणि तीन-चार महिन्यांत उतरतो. दर युनिटवर असतो. तळहाताला प्रचंड घाम येणाऱ्यांनाही हे इंजेक्शन देतात, ते फार कुणाला माहीत नसतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना नाही.

फिलर स्नायूला काही करत नाही, खोलगट जागा भरतं. बहुधा हायलुरॉनिक अॅसिडचं जेल असतं, सहा महिने ते दीड वर्ष टिकतं आणि नको झालं तर हायलुरॉनिडेज या इंजेक्शनने विरघळवता येतं. सगळ्यात मोठा धोका हा : जेल रक्तवाहिनीत गेलं तर तिथली त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. म्हणून फिलर देणाऱ्याकडे हायलुरॉनिडेज त्याच खोलीत तयार आहे का, विचारा. उत्तर द्यायला जो अडखळेल, त्याच्याकडून घेऊ नका.

केसांसाठी पीआरपी घेऊ की ट्रान्सप्लांट? आणि ग्राफ्ट म्हणजे केस का?

आधी केस का जातायत ते बघू. चाई पडली, म्हणजे नाण्याएवढा गुळगुळीत गोल, तर ती अॅलोपेशिया अरिएटा. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. तिथे ट्रान्सप्लांटचा पहिला विचार होत नाही, बहुधा इंजेक्शन आणि औषधं. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण यानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात ते टेलोजेन एफ्लुव्हियम. घाबरवतं, पण आपोआप भरून येतं. पुढून किंवा टाळूवर हळूहळू जातात ते अँड्रोजेनेटिक, घराण्यातलं. त्याची औषधं मिनॉक्सिडिल आणि पुरुषांना फिनास्टेराइड. सोडली की फायदाही सुटतो.

पीआरपीत तुमचंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवतात आणि प्लेटलेट्सचा दाट भाग टाळूत टोचतात. केस बारीक होत चाललेत, अशा टप्प्यावर उपयोग होतो. चकचकीत टकलावर होत नाही.

ट्रान्सप्लांटमध्ये मागचे केस मुळांसकट काढून पुढे रोवतात. एफयूटीत मागून कातडीची पट्टी घेतात, तिची आडवी खूण राहते. एफयूईत एकेक पुंजका बारीक पंचने काढतात, ठिपके राहतात. ग्राफ्ट म्हणजे हा पुंजका, त्यात एक ते चार केस. एका दवाखान्याने "दोन हजार ग्राफ्ट" आणि दुसऱ्याने "चार हजार केस" सांगितलं, तर दोघे कदाचित एकच सांगत असतील. दर कशाचा आहे, ते नक्की करून घ्या. लावलेले केस दोन ते चार आठवड्यांत गळतात. दर वेळी पेशंट हादरून फोन करतात. मुळं आत असतात. तीन-चार महिन्यांनी नवे केस दिसतात, पूर्ण चित्र वर्षाने.

जळालेल्या पेशंटला "ग्राफ्ट" सांगितलंय, दुसऱ्याला "फ्लॅप". कुठलं चांगलं?

चांगलं-वाईट नाही, गरज वेगळी. स्किन ग्राफ्टमध्ये मांडीवरून कातडीचा पातळ थर पूर्ण सुटा करून जखमेवर लावतात. उपटून दुसऱ्या वाफ्यात लावलेल्या रोपासारखा तो पहिले काही दिवस खालच्या जमिनीवर अवलंबून असतो. तिथून रक्त मिळालं तर धरतो, हलला किंवा खाली पू झाला तर जातो. म्हणून पाच दिवस हात हलवू नका म्हणतात. मांडीच्या जागेला डोनर साइट म्हणतात आणि ती जखमेपेक्षा जास्त दुखते, हे आधी सांगायला सगळे विसरतात. फ्लॅपमध्ये कातडी आपल्या रक्तवाहिनीसकट वळवतात, त्यामुळे उघड्या हाडावरही तो जगतो.

फ्लॅप हे परदेशी ज्ञान नव्हे, हेही सांगायला हवं. १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये कावसजी या बैलगाडीवाल्याची हकिकत चित्रासह छापून आली. तो इंग्रज फौजेकडे होता, टिपूच्या सैनिकांनी त्याचं नाक कापलं होतं आणि पुण्याकडच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने तीच रीत १८१४ मध्ये लंडनमध्ये केली. कपाळाचा फ्लॅप आजही नाकासाठी वापरतात.

भाजल्यावर सांधा आखडतो त्याला काँट्रॅक्चर म्हणतात. तो सोडवताना झेड-प्लास्टी हा शब्द येतो : ताणलेल्या व्रणावर झेडच्या आकारात चीर देऊन लांबी वाढवतात. ऑपरेशन झालं म्हणून सांधा ताणून धरणारा पट्टा आणि व्यायाम सोडला, तर सांधा पुन्हा आखडतो.

कानाचं भोक ओघळलंय. टाके घातले तर गाठ येईल?

सोलापुरात हा प्रश्न रोजचा. जड झुबे आणि वेल घालून घालून भोक लांबत जातं, एखाद्या दिवशी पाळी दुभंगते. दुरुस्तीला लोब्युलोप्लास्टी म्हणतात. जागेवर भूल देऊन, फाटलेल्या कडा ताज्या करून शिवतात; त्याच दिवशी घरी. टाके साधारण आठवड्याने निघतात, नवं भोक दीड-दोन महिन्यांनंतर, आणि तेही शिवलेल्या रेषेवर नको. बाजारात "बिनाटाक्याने कान जोडून मिळेल" म्हणून पाट्या असतात. तिथे अॅसिडने कडा भाजून चिकटवतात. प्रमाण चुकलं की पाळीच गळून जाते.

गाठीबद्दल. जखमेच्या हद्दीतच व्रण जाड झाला तर हायपरट्रॉफिक स्कार. तो कालांतराने बसतो. हद्द ओलांडून पसरत गेला तर केलॉइड. छाती, खांदे आणि कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा. नुसता कापला तर परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा. म्हणून ट्रायअॅमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं काही आठवड्यांच्या अंतराने, सिलिकॉनची पट्टी, कापलाच तर कापल्यानंतरही इंजेक्शनं. घरात कुणाला असा व्रण असेल तर कान शिवण्याआधी सांगा. हौसेखातर वरच्या कुर्चेत भोक पाडायचं असेल, तर त्याहून आधी.

लायपोसक्शनने वजन किती उतरेल?

फारसं नाही. व्यायामाने न हटणारी चरबी ठरावीक जागेवरून ओढून काढायची आणि आकार द्यायचा, एवढंच त्याचं काम. बाळंतपणांनी लोंबलेली कातडी काढायची असेल तर ती अॅब्डोमिनोप्लास्टी, बोलीत टमी टक. पुरुषाची छाती वाढली तर गायनेकोमास्टिया. पोरं टी-शर्ट घालायला लाजतात, तालमीत जायचं टाळतात. वयात येताना झालं असेल तर बऱ्याचदा आपोआप जातं, म्हणून डॉक्टर थांबायला सांगतात.

कोडाच्या डागावर कातडी लावता येते म्हणे?

येते, पण डाग "स्टेबल" असेल तर. म्हणजे साधारण वर्षभर जुना वाढलेला नाही आणि नवा आलेला नाही. तोवर क्रीम, गोळ्या आणि एनबी-यूव्हीबी म्हणजे ३११ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाची फोटोथेरपी. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे. तो हात लावल्याने पसरत नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्याला बहुधा स्पर्श कळत नाही, कोडाला कळतो. स्थळ बघायला आलेल्यांना समजावायला आईवडील आमच्याकडून कागद लिहून मागतात. मी देते.

लोकल, सिडेशन, जनरल : भूल कुठली?

लोकलमध्ये तेवढी जागा बधिर, तुम्ही जागे. सिडेशनमध्ये गुंगी. जनरलमध्ये पूर्ण बेशुद्ध, भूलतज्ज्ञ हवाच. लेझरआधी लावतात ते बधिर करणारं क्रीम पाऊणएक तास झाकून ठेवावं लागतं. दहा मिनिटांत पुसून सुरुवात केली तर दुखणारच. एनबीएम किंवा एनपीओ म्हणजे तोंडाने काही नाही. "फक्त चहाच घेतला" हेसुद्धा सांगायचं.

चिठ्ठीवरची अक्षरं कशी वाचायची?

ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा. एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच. एल/ए म्हणजे वरून लावायचं. एवढ्यावरूनही गोंधळ होतात. "एल/ए एचएस" लिहिलेलं रेटिनॉइडचं क्रीम सकाळी लावून बाई उन्हात कुरडया घालायला बसते आणि संध्याकाळी गाल सोलपटलेले. मुरमांची आयसोट्रेटिनॉइनची गोळी असेल तर जास्त सांभाळा : गरोदरपणात घेतली तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. नवविवाहितेने सासूसमोर सांगायची लाज वाटत असेल तर आम्हाला एकटीने भेटावं. सोडल्यावरही किमान महिनाभर गर्भधारणा टाळायची.

सनस्क्रीनवर एसपीएफ ५० घेतलं म्हणजे दिवस सुटला?

एसपीएफ हा यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्या त्वचा भाजणाऱ्या किरणांचा आकडा. ३० वालं सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० वालं ९८, फरक इतकाच. यूव्हीए, म्हणजे त्वचेत खोल जाणाऱ्या किरणांसाठी पीए पुढची अधिक चिन्हं मोजा. खरा घोळ प्रमाणात होतो : दोन बोटांच्या लांबीएवढं चेहरा-मानेला लागतं, लोक टिकलीएवढं लावतात. बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. स्कार्फ सोडू नका.

ऑपरेशननंतर सूज आहे. फोन कधी करायचा?

एडिमा म्हणजे सूज आणि एरिथिमा म्हणजे लाली, दोन्ही होणारच. निळं-जांभळं पडणं म्हणजे एकिमोसिस, दोन आठवड्यांत पिवळं होऊन जातं. सेरोमा म्हणजे आत साठलेलं पाणी. सुईने काढतात, घाई नसते. हेमॅटोमा म्हणजे आत साठलेलं रक्त : एकाच बाजूला अचानक वाढणारी, ताणलेली, ठणकणारी सूज. त्याला थांबायचं नाही. नेक्रोसिस म्हणजे त्वचा मरणं; आधी फिकट किंवा जाळीदार निळसर, मग काळी. फिलरनंतर असा रंग दिसला, असह्य दुखलं किंवा नजर धूसर झाली, पायाला सूज येऊन पोटरी दुखली, दम लागला, ताप चढला किंवा टाक्यांतून पू आला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा. फोन लागला नाही तर थेट सिव्हिलच्या अपघात विभागात जा. डिस्चार्जच्या कागदावर रात्रीचा नंबर लिहून घेतल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरू नका.